‘बसत नाही’

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी भाची चहाला आली ती डोळे सुजवूनच. रात्री जागली असणार हे कळलं, पण रडलीही असेल असं वाटलं नव्हतं. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे बेळगावला राहते.

शनिवारी रात्री तिचा एक खेळ असतो. जेवण सूर्यास्ताआधी उरकून, नऊ वाजता खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन अडकवून ती कॉम्प्युटरसमोर बसते. पलीकडे आणखी पाच जण. कुणी हुबळीचं, कुणी पुण्याचं, एक जण तर दुबईला. सुरुवातीला मला वाटलं, पत्त्यांसारखा काही प्रकार असेल. पण नाही. यात प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, तुम्ही गुहेच्या तोंडाशी आलात, आतून धूर येतोय. मग आपापल्या सोंगाला साजेल असं आपण काय करणार ते प्रत्येकाने बोलायचं. जमलं की फसलं ते फाशावर ठरतं, आणि तो फासासुद्धा वीस बाजूंचा. कोकणातल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतात, त्यातलाच हा प्रकार म्हणायचा. फक्त प्रेक्षक नाहीत.

एकदा आतून आवाज आला, “मार त्याला, मार!” सासूबाई नुकत्याच सामायिकावरून उठल्या होत्या. दारात जाऊन म्हणाल्या, “कुणाला मारूलालीस गं?” “राक्षसाला, आजी.” “राक्षसाला पण जीव असतोय की,” असं म्हणून त्या निघून गेल्या. त्या दिवसापासून भाचीचं सोंग वैद्याचं आहे.

तर त्या रविवारचं रडं असं होतं. त्यांच्या सूत्रधाराने नवं जग रचायला घेतलं होतं, आणि त्यातली गावं प्रत्येकाने लिहून द्यावीत असं सांगितलं होतं. नियम चार. हजार शब्दांच्या आत लिहा, स्वतःचं लिहा, महिनाअखेरपर्यंत द्या, आणि आपल्या जगात बसेल असं लिहा. हिने एक गाव लिहिलं. त्या गावात सूर्य मावळला की दिवा लागत नाही, चूल पेटत नाही. कारण तिथले पतंग म्हणजे गावातलेच मागचे लोक, ते ज्योतीकडे धावतात. मग अंधारात ते गाव कसं राहतं, बाळंतपण कसं होतं, चोर आला तर काय करतात, असं सगळं तिने रचलं होतं. मी वाचलंय ते. मावशी म्हणून सांगत नाही, चांगलं होतं.

सूत्रधाराचं उत्तर आलं, “बसत नाही.” का, असं हिने विचारलं. तर म्हणे, फार धार्मिक वाटतं, खऱ्या जगातल्या रूढी नकोत. ठीक. पण त्याच महिन्यात दुसऱ्या एकाचं गाव घेतलं होतं. डोंगरावरचा मठ, टोप्या घातलेले भिक्षू, पहाटेची घंटा, द्राक्षांचा मळा. ते युरोपातलं जुनं मठजीवन होतं, अगदी जसंच्या तसं. ते धार्मिक वाटलं नाही. ते नुसतं ‘खेळासारखं’ वाटलं.

मी आपलं म्हटलं, “जाऊ दे की. खेळच तो.”

ती म्हणाली, “मावशी, नाकारलं म्हणून नाही रडत मी. आधी सांगितलं असतं तर मी दुसरं लिहिलं असतं.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याचं कारण माझ्याच कपाटात होतं, पण त्याकडे मी नंतर येते.

आपलं लेखन आवडलं नाही म्हणून परत येणं हे दुःख मला ठाऊक आहे. चार-पाच मासिकांनी ते मला व्यवस्थित शिकवलं आहे. ते कडू असलं तरी पचतं. भाचीचं दुःख वेगळं होतं. तिने नियम पाळला होता, आणि तरीही नियम मोडल्याची शिक्षा तिला झाली होती. ‘बसेल असं’ म्हणजे कसं, हे एकट्या सूत्रधाराच्या मनात होतं. तेवढ्या एका शब्दाच्या आड त्याचे सगळे न सांगितलेले नियम राहत होते.

माझा धाकटा मुलगा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने मला लॉन फुलर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाच्या पुस्तकातली एक गोष्ट सांगितली. पुस्तक १९६४ सालचं, कायद्यातल्या नीतीविषयीचं. त्यात रेक्स नावाचा एक राजा आहे. त्याला प्रजेचं भलं करायचं असतं, मनाने तो वाईट नाही. पण कायदे करायला बसतो आणि आठ तऱ्हांनी फसतो. आधी तो नियमच करत नाही, येईल तो तंटा येईल तसा सोडवतो, त्यामुळे एका निकालाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मग नियम लिहितो, पण सांगतो की हे गुपित राहील, मला आणि माझ्या लेखनिकाला तेवढं माहीत. लोक चिडतात. पुढे छापतो ते कुणाला कळत नाहीत, कळतात ते एकमेकांच्या विरुद्ध जातात, आणि शेवटी सगळं नीट लिहून होतं तेव्हा निकाल देताना स्वतःच त्याकडे बघत नाही. फुलरचं म्हणणं असं की इथे राजाचे कायदे वाईट होते असं नाही, त्याने कायदा असा केलाच नाही. मला ही गोष्ट आवडली, कारण रेक्स आमच्या ओळखीचाच वाटला. कुठल्याही मंडळाच्या अध्यक्षस्थानी तो बसलेला असतो.

मुलगा वकील होणार असल्यामुळे त्याने लगेच दुसरी बाजूही मांडली. हार्ट नावाच्या इंग्रज विचारवंताने विचारलं होतं, बागेत वाहन आणू नये असा नियम केला, तर लहान मुलाची खेळण्यातली मोटार वाहन की नाही? स्केट्स घालून आलेला मुलगा? नियम लिहिणाऱ्याने याचा विचार केलेला नसतो, आणि सगळ्याचा विचार करायला तो काही केवली नव्हे. शब्दाचा मधला भाग उजेडात असतो, कडेला धूसर होत जातो.

आणि लिखाणाच्या बाबतीत तर हे शंभर टक्के खरं. नवं काही लिहा म्हणायचं आणि ते कसं असावं याची यादी द्यायची, तर मग आपणच का लिहू नये? सगळे नियम आधी सांगितलेली स्पर्धा म्हणजे बँकेचा फॉर्म. थोडं धूसर ठेवावंच लागतं.

पुढे एकदा भाचीनेच सांगितलं की त्या सूत्रधाराला नंतर वाईट वाटत होतं. तो बावीस वर्षांचा पोरगा, नोकरी सांभाळून रात्री जागून फुकट हे सगळं करतो. म्हणाला, तुझं वाचेपर्यंत मला पण माहीत नव्हतं मला हे नकोय म्हणून. मी त्याच्यावर विश्वास ठेवते. आपल्या कितीतरी अटी आपल्याला अशाच कळतात, कुणीतरी त्यांना येऊन धडकलं की. सून घरात आल्यावर सासूला स्वतःचे नियम कळतात, तोवर तिलाही वाटत असतं की आपल्या घरात काही जाच नाही.

मग अशा माणसाला दोष द्यायचा का? मला वाटतं, नियम उशिरा सापडला यात त्याचा दोष नाही. पण सापडल्यावर तो पहिल्यांदा कुणाच्या डोक्यावर हाणला, हे बघावं लागतं. नवा नियम पुढच्यांसाठी असायला हवा. जिच्यामुळे तो सापडला तिलाच त्याने बाहेर काढायचं, हे काही बरोबर नाही. आणि रूढी नकोत तर मठाच्या पण नकोत. हे दुसरं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. कारण लहानपणापासून त्याने ज्या गोष्टी वाचल्या, जे सिनेमे बघितले त्यात मठ, घंटा, मद्याची पिंपं हे सगळं ‘साधं’ असतं, आणि दिवा न लावणारी आपली आजी तेवढी ‘धार्मिक’.

हा खेळ कुठून आला तेही मी विचारून घेतलं. सगळ्यांचा मूळपुरुष डन्जन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला, १९७४ मध्ये पहिल्या हजार प्रती काढल्या. गंमत म्हणजे हा खेळ विकत घेऊन पुरत नाही. पुस्तकात नियम मिळतात, पण गावं, गोष्टी, माणसं खेळणाऱ्यानेच आणायची. म्हणजे कंपनीचं घर लोकांच्याच विटांनी बांधलं गेलं. मग विटा कुणाच्या, हा वाद येणारच होता. १९९४ च्या सुमाराला लोक आपापल्या रचना इंटरनेटवर एकमेकांना देऊ लागले, तेव्हा त्या वेळच्या कंपनीने सांगितलं की अमुक सूचना जोडा आणि आम्ही मान्य केलेल्या ठिकाणीच ठेवा. टीएसआर हे त्या कंपनीचं नाव. खेळणाऱ्यांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ लावला, ‘हे नेहमी खटले भरतात’.

पुढे कंपनी बदलली. नव्या मालकांनी, विझर्ड्स ऑफ द कोस्टने, २००० साली मोकळा परवाना दिला की आमच्या नियमांच्या ठरावीक भागावर तुम्ही रचा, छापा, विका, आम्हाला काही देऊ नका. परवान्यात ‘कायमस्वरूपी’ असा शब्द होता. बावीस-तेवीस वर्षं लोकांनी त्यावर पोटं भरली, छोटी छोटी प्रकाशनं उभी राहिली. आणि २०२३ च्या जानेवारीत नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. त्यात जुना परवाना यापुढे अधिकृत नाही, आणि वर्षाला ७,५०,००० डॉलरच्या वर विक्री गेली तर वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत आम्हाला द्या, असं होतं. कायमस्वरूपी म्हणाला होतात ना? हो, पण ‘मागे न घेता येणारा’ असं कुठे म्हटलं होतं! वाद एवढ्यावर आला.

मी हे ऐकलं तेव्हा आधी हसले, मग गप्प झाले. आपल्याकडे ‘घर तुझंच आहे’ म्हणतात आणि ‘किल्ली तुझी’ म्हणत नाहीत, तसलं हे. लोकांनी मात्र जोर धरला. कंपनीने मत मागवलं तर पंधरा हजारांवर लोकांनी कळवलं. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली, जुना परवाना तसाच ठेवला. शिवाय नियमांचा तो भाग क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली देऊन टाकला, म्हणजे तो आता त्यांनाही परत घेता येत नाही. स्वतःच्या उद्याच्या मनाला त्यांनी आज बांधून घेतलं. सक्तीने का होईना. व्रत घेणं म्हणजे तरी दुसरं काय असतं?

व्रतावरून आठवलं. लहानपणी पाठशाळेत तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय पाठ करताना मला अतिचारांचा फार कंटाळा यायचा. प्रत्येक व्रताचे पाच पाच अतिचार. चोरी करू नये, झालं की, कळलं! त्याच्यापुढे आणखी पाच कशाला? तर चोराला उद्युक्त करणं, चोरीचा माल घेणं, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणं, मापात कमी-जास्त करणं, चांगल्यात हलकं मिसळून विकणं. आता पन्नाशी उलटल्यावर कळतं की ही यादी करणाऱ्याला दुकानदार चांगला माहीत होता. दुकानदार म्हणणार, मी कुठे चोरी केली, मी तर फक्त मापाला अंगठा लावला. म्हणून शब्दाच्या कडेला जिथे धूसर होतं तिथे पाच दिवे लावून ठेवले. सगळा अंधार जात नाही त्याने. पण जाणाऱ्या माणसाला आधी सांगितलेलं असतं.

खेळणाऱ्या मुलांनीही असं काही काही शोधून काढलं आहे. खेळ सुरू होण्याआधी एक बैठक घेतात, तिला ‘सेशन झिरो’ म्हणतात. काय चालेल, काय चालणार नाही, ते तिथे बोलायचं. भाचीच्या गटाने ती घेतलीच नव्हती, घाई होती. आणखी एक पद्धत मला फार आवडली. जॉन स्टॅव्हरोपोलस नावाच्या खेळाडूची. टेबलावर फुली काढलेलं एक कार्ड ठेवतात. खेळताना कुणाला काही सोसेनासं झालं, तर त्याने कार्डाला हात लावायचा. तो प्रसंग तिथेच काढून टाकतात. का, असं कुणी विचारायचं नाही.

यावर मी बरेच दिवस विचार केला. म्हणजे बघा, इथे कारण न देता ‘नको’ म्हणायची मुभा आहे, आणि ती मला योग्य वाटते. तिकडे सूत्रधाराने कारण न देता ‘नको’ म्हटलं, ते मला खुपतं. दोन्हीकडे शब्द तोच. फरक एवढाच दिसतो की कार्डाला हात लावणारा स्वतःला वाचवत असतो, दाराशी बसलेला दुसऱ्याला बाहेर ठेवत असतो. ज्याला लागतं त्याने कारण का द्यावं? पण ज्याच्या हातात कडी आहे त्याला कारण देणं भाग असावं. आणि व्यवहारात नेमकं उलटं चालतं. दुखलेल्या माणसाला आपण दहा वेळा विचारतो, काय झालं, एवढं काय झालं? आणि अध्यक्षांना कुणी विचारत नाही.

आता कपाटाकडे येते.

आठ वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाने दशलक्षण पर्वात निबंध स्पर्धा ठेवली होती. विषय होता ‘माझ्या घरातली अहिंसा’. नियम होते पानं तीन, मजकूर मराठीत, अक्षर सुवाच्य. परीक्षक मी, बी. ए. झालेली म्हणून. आलेल्या निबंधांत एक होता पाणी गाळण्यावर. लिहिणाऱ्या बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, चौथी-पाचवी शिकलेल्या. त्यांनी लिहिलं होतं की माहेरी हित्तलात बावी होती, अव्वा पाणी शेंदायची, दुहेरी फडक्यातून गाळायची, आणि मग ते फडकं उलटं धरून त्याच बावीच्या पाण्यात हळूच धुवायची, कारण त्यातले जीव त्यांच्या घरी परत जायला हवेत. दुसऱ्या विहिरीत सोडले तर ते परगावी पडतील. आता नळाचं पाणी गाळते तर धुऊ कुठे, मला कळत नाही, असा शेवट होता.

मी तो निबंध बाजूला ठेवला. भाषा शुद्ध नाही, असं मनात म्हटलं. हित्तल काय, बावी काय, अव्वा काय. सीमाभागात मराठीसाठी आम्ही एवढं करतो आणि निबंधात अर्धं कन्नड! बक्षीस दिलं ते एका कॉलेजातल्या मुलीला. तिने अहिंसेची व्याख्या सुरेख लिहिली होती. बाईंनी मंडळात कुणालातरी विचारलं, माझ्यात काय कमी होतं? तिला सांगितलं गेलं, “बसलं नाही.” तो शब्द माझाच होता. पुढे त्या बाईंनी कधी काही लिहून दिलं नाही.

मराठीत म्हणजे कुठल्या मराठीत, हे आम्ही कुठे सांगितलं होतं? आणि मी स्वतः घरात अक्का, अण्णा म्हणते, तूप वाढते, हे सगळे कन्नडमधूनच आलेले शब्द. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी लेख शेजारी शेजारी कोरलेले आहेत, तिथे मी दोनदा हात जोडून उभी राहिले आहे. तेव्हा मला शुद्ध-अशुद्ध काही सुचलं नव्हतं. भाचीच्या सूत्रधाराला जसा मठ ‘साधा’ वाटला, तशी मला पुण्याची मराठी ‘साधी’ वाटली होती.

यंदा क्षमावाणीच्या दिवशी मी तो निबंध घेऊन बाईंच्या घरी गेले. कागद पिवळे पडलेत, पण अक्षर अजून सुवाच्य. त्यांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली, मग कागद मांडीवर ठेवले.

“अजून ठेवलाय काय तुम्ही? मला वाटलं फाडून टाकला असेल.”

मी म्हटलं, “अक्का, उत्तम क्षमा. माझं चुकलं.”

“तुमचं काय ते असू दे. माझं काय चुकलं होतं ते तेवढं सांगा की, वहिनी. तवा कुणी सांगितलंच नाही.”

“काही नाही चुकलं.”

“मग?”

मग मी त्यांना सगळं सांगितलं, शब्दाशब्दाने, हित्तल आणि बावीसकट. त्या ऐकत राहिल्या. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. म्हणाल्या, “विहीर लिहायचं मला ठावं होतं हो. पण आमची बावीच होती ती.”

पुढच्या स्पर्धेचे नियम लिहायचं काम मंडळाने पुन्हा माझ्याकडेच दिलं आहे. ‘निबंध मराठीत असावा’ या ओळीखाली मी ‘घरात बोलता ती मराठी चालेल’ असं लिहिलं. तर सचिव बाई विचारतात, मग कन्नड शब्द किती चालतील? दहा? वीस? आकडा घाला की, नंतर भांडणं नकोत. कागद दोन आठवडे टेबलावर पडून आहे.